चौथीच्या वर्गात मातीची गाडी

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी एक मुलगी दप्तरातून मातीचे दोन बैल घेऊन वर्गात आली. आमच्याकडे, म्हणजे वळसंग आणि आसपासच्या गावांत, ज्येष्ठ अमावास्येला घरोघरी मातीचे बैल करतात. कन्नडमध्ये तिला मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. तिचे बैल अजून ओले होते. एकाचं शिंग दप्तरात वाकलं होतं. मी म्हणालो, "छान आहेत. खिडकीत ठेव आणि पुस्तक काढ."

त्या दिवशी आम्ही मराठीत एक उतारा वाचला, गणितात हातच्याची वजाबाकी केली आणि परिसर अभ्यासात मातीचे प्रकार पाठ केले. काळी, तांबडी, रेताड. बैल तिथंच चार हातांवर खिडकीत वाळत होते आणि आम्ही मातीचे प्रकार फळ्यावरून उतरवून घेत होतो.

संध्याकाळी घरी जाताना मला स्वतःचाच राग आला. पण तो राग एकट्या माझ्यावर काढून भागणार नाही, म्हणून हा लेख.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. राहतो वळसंगला. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना तुम्ही आमच्या गावावरून गेला असाल, बहुतेक गाडीची काच खाली न करता. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: आमच्या चौथीच्या पोरांना सहा आठवडे एक अख्खं अभिजात नाटक शिकवा, आणि त्या सहा आठवड्यांत भाषा, गणित, विज्ञान, नागरिकशास्त्र सगळं त्या नाटकातून येऊ द्या. नाटक कोणतं तेही सांगतो. शूद्रकाचं 'मृच्छकटिक'. मृत् म्हणजे माती, शकटिका म्हणजे छोटी गाडी. मातीची गाडी.

हे वाचून हसू आलं असेल तर थांबा. मला हसणारे आधी भेटले आहेत.

मुकुट मोजा

एका प्रशिक्षणाला गेलो होतो. विषय होता एकात्मिक अध्यापन. पडद्यावर एक नमुना तक्ता आला. मध्ये गोल, गोलात लिहिलेलं 'नाटक', आणि गोलातून निघालेले बाण. भाषा: संवाद वाचा. गणित: दहा राजांचे दहा मुकुट, तीन पडले, किती उरले? विज्ञान: मुकुट कशाकशाचा करता येईल? कला: मुकुट रंगवा. शारीरिक शिक्षण: राजासारखं चालून दाखवा. मी विचारलं, "नाटक कोणतं?" उत्तर आलं, "कोणतंही घ्या, सर."

माझं भांडण त्या 'कोणतंही'शी आहे. ज्या आराखड्यात नाटकाचं नाव बदललं तरी एकही चौकट बदलत नाही, तो आराखडा नाटकाचा नाही. तो मुकुटांचा आहे. त्यात भाषा भाषेच्या जागी राहते, गणित गणिताच्या जागी, आणि नाटक मधल्या गोलात शोभेला बसतं. बालभारतीनं मध्यंतरी प्राथमिकचे सगळे विषय एकाच पुस्तकात बांधले, वर्षाचे चार भाग केले. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून केलं, ते ठीक. पण पुस्तक एका शिवणीत आलं म्हणून विषय एकमेकांशी बोलायला लागले असं झालं नाही. धडा संपतो, पान उलटतं, वजाबाकी सुरू होते.

ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीम आकाराला आली. तिचा कणा होता समवाय. मूल सूत कातेल आणि त्या सुतातून हिशेब, भूगोल, इतिहास शिकेल. आमच्या डी.एड.च्या पुस्तकात समवाय पद्धतीवर प्रश्न यायचा, पाच गुणांचा. नई तालमीत टकळी खरी होती. सूत तुटलं तर तुटायचं, आणि ते का तुटलं हे शोधावं लागायचं. आमच्या तक्त्यातले मुकुट कधी तुटत नाहीत, कारण त्यांच्यावर कशाचाच भार नसतो.

नाटकाला टकळीसारखं वागवायचं असेल तर त्यात काहीतरी तुटू शकलं पाहिजे. म्हणून 'कोणतंही' चालणार नाही.

गोष्ट काय आहे

उज्जैनमध्ये चारुदत्त नावाचा एक व्यापारी ब्राह्मण आहे. देऊन देऊन कफल्लक झालेला. त्याचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आला आहे. ती गाडी शेजाऱ्यांनी परत नेली. घरच्या दासीनं, रदनिकेनं, त्याला मातीची गाडी करून दिली, तर तो रडतो: मला सोन्याचीच हवी. तिथं वसंतसेना असते, शहरातली श्रीमंत गणिका, जिचं चारुदत्तावर प्रेम आहे. रदनिका मुलाला सांगते, ही तुझी आई. मूल विचारतं, माझी आई असेल तर हिच्या अंगावर एवढे दागिने कसे? वसंतसेना रडते, सगळे दागिने उतरवून मातीच्या गाडीत भरते आणि म्हणते, यांची सोन्याची गाडी करून घे.

हा सहावा अंक. याच्यापुढं सगळं बिघडतं. वसंतसेना चुकून दुसऱ्याच गाडीत बसते, ती गाडी राजाच्या मेहुण्याची, शकाराची. शकार तिच्या मागे लागलेला आहे आणि ती त्याला आधीपासून नाही म्हणते आहे. तो तिचा गळा दाबतो, मेली समजून सोडून जातो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. मुलाच्या गाडीतले तेच दागिने न्यायालयात पुरावा ठरतात. चारुदत्ताला सुळाची शिक्षा होते. त्याच वेळी गवळ्याच्या घरचा आर्यक नावाचा तरुण तुरुंगातून पळालेला असतो. तो जुलमी राजाला उलथतो. एका भिक्षूनं वाचवलेली वसंतसेना वधस्तंभाजवळ वेळेवर पोचते.

दहा अंक आहेत. जेवणाच्या सुट्टीनंतर रोज एक अंक सांगायचा. दहा दिवस. पहिल्या दोन आठवड्यांत बाकी काही करायचं नाही, कारण गोष्टीत अडकल्याशिवाय मुलांना प्रश्न पडत नाहीत. तक्तेवाल्यांची घाई इथंच होते. पहिल्याच दिवशी ते कात्री आणि डिंक काढतात.

विषय कुठून येतात

तिसऱ्या आठवड्यात गाडी करायची. खरी, मातीची. शेतातली काळी माती आणून केलेली गाडी वाळता वाळता तडकते. हे मी सांगायचं नाही, ते होऊ द्यायचं. मग प्रश्न येतो: रदनिकेची गाडी का तडकली नाही? आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात ज्या भेगा पडतात त्यातलीच एक गाडीला पडलेली असते. कुंभार मातीत राख, लीद, बारीक वाळू का मिसळतो हे मग कुंभारालाच विचारायला जावं लागतं. दोन चाकं सारखी नसली की गाडी एका बाजूला वळते, म्हणून चाक मोजावं लागतं. दोरा गुंडाळून घेर मोजायचा, पट्टीनं व्यास मोजायचा. प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येतो, पण घेर व्यासाच्या तिपटीहून जरासा जास्त, हे प्रत्येक गटात येतं. ते बघून मुलं गप्प होतात. गणिताच्या तासाला अशी शांतता मी क्वचित ऐकली आहे.

तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा चोर भिंत फोडतो. तो शास्त्रोक्त चोर आहे. पक्क्या विटा असतील तर ओढून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीची भिंत पाण्यानं भिजवायची, लाकडाची चिरायची, असा त्याचा हिशेब. मुलांनी आपापल्या घराच्या भिंती बघून याव्यात. आजीचं मातीचं माळवद, काकाचं विटांचं घर, कुणाचं दगडी, कुणाचं पत्र्याचं. पत्र्यावर शर्विलकाकडे इलाज नाही, यावर वर्ग खूश होतो. पुढं तो मापाची दोरी घरी विसरलेला असतो, म्हणून गळ्यातलं जानवं काढून भोकाचं माप घेतो. आमच्या पोरांकडे करगोटे आहेत, ओढण्या आहेत, दप्तराचे पट्टे आहेत. प्रत्येकानं आपापल्या दोरीनं वर्गाचं दार मोजलं की उत्तरं जुळत नाहीत आणि मीटरची गरज भांडणातून कळते.

आणि नववा अंक, न्यायालयाचा. माझ्या मते प्राथमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला याहून चांगला मजकूर मिळणार नाही. दागिने खरे आहेत, ते वसंतसेनेचेच आहेत. ती आदल्या रात्री चारुदत्ताच्या घरी होती हेही खरं. चारुदत्ताची गाडी बागेकडे गेली हे खरं, पण आत ती नव्हती, लपून बसलेला आर्यक होता. बागेत एका बाईचं प्रेत सापडतं हे खरं, पण ते तिचं नाही. न्यायाधीश दुष्ट नाही. तो समोर आलेले तुकडे जोडतो आणि चुकतो. चौथीतल्या मुलांनी हे तुकडे वेगवेगळ्या पाठकोऱ्या कागदांवर लिहावेत आणि प्रत्येकाखाली दोन रकाने करावेत: यावरून काय कळतं, आणि काय कळत नाही.

हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांच्या हातात आत्ता फोन आहे. तुमच्या घरच्या ग्रुपवर या आठवड्यात असे किती तुकडे आले? फोटो खरा, गाव खरं, तारीख खरी, आणि सांगितलेली गोष्ट खोटी. नवव्या वर्षी 'काय कळत नाही' हा रकाना भरायची सवय लागलेलं मूल मला हवं आहे.

एक चिठ्ठी उरते ती स्थावरकाची. स्थावरक हा शकाराचा गाडीवान, गुलाम. मालक म्हणतो, हिला मार. हा मार खातो पण मारत नाही. खरं काय घडलं हे त्याला माहीत आहे, म्हणून शकार त्याला बेड्या घालून कोंडतो. तो वरून उडी मारून येतो आणि भर रस्त्यात खरं सांगतो. शकार म्हणतो, हा चोर आहे, मी शिक्षा केली म्हणून खोटं बोलतोय. लोक शकाराचं ऐकतात. पुराव्याच्या दोन रकान्यांत ही चिठ्ठी कुठं ठेवायची, यावर भांडण व्हायलाच हवं.

तो भिंत पडला

आता भाषेकडे येतो. माझा खरा मुद्दा तिथं आहे.

आमच्या वर्गात मराठी ही शाळेची भाषा आहे. घरी बऱ्याच मुलांच्या कन्नड आहे, काहींच्या तेलुगू, काहींच्या उर्दू. कन्नडमध्ये भिंत, खुर्ची, गाडी, दगड सगळं एकाच नपुंसकलिंगात जातं. आणि विशेषणाचा शेवट लिंगाप्रमाणे बदलत नाही. त्या घरातून आलेल्या मुलाला मराठीत प्रत्येक वस्तूचं लिंग पाठ करावं लागतं. तो टेबल, ती खुर्ची, ते कपाट. का, ते कुणी सांगू शकत नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक मुलगा उशिरा आला. कारण विचारलं. तो म्हणाला, "सर, आमचा भिंत पडला." वर्ग हसला. मीही हसलो. माझी आजी मरेपर्यंत मराठीत 'माझा पाटी, माझा गाडी' म्हणायची, आणि मी हसलो. त्याच्या घराची भिंत पावसात पडली होती. त्या सत्रात तो पुन्हा आपणहून बोलला नाही.

नंतर 'मृच्छकटिक' पुन्हा वाचताना सहाव्या अंकाशी थांबलो. मातीच्या गाडीचाच अंक. पळालेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत लपला आहे. चंदनक आणि वीरक हे दोन शिपाई गाडी अडवतात. चंदनक आत बघतो, आर्यकाला ओळखतो, त्याला अभय देतो आणि बाहेर येऊन सांगतो की आत वसंतसेना आहे. पण सांगताना त्याची जीभ घसरते. आधी तो पुल्लिंगी 'आर्य' म्हणतो, मग सावरून स्त्रीलिंगी 'आर्या'. वीरकाला संशय येतो. तेव्हा चंदनक म्हणतो, आम्ही दक्षिणेकडची माणसं, आमचं बोलणं अस्पष्ट, आम्हाला पुष्कळ लोकांच्या भाषा येतात, आम्ही काहीही म्हणतो. तो देशांची यादी देतो, तिच्यात कर्नाटही आहे, द्रविडही आहे. आणि मग वीरकानं गाडी तपासू नये म्हणून तो मनाशी ठरवतो की आता कर्नाटकी पद्धतीचं भांडण उकरायचं. भांडतो, आणि आर्यक सुटतो. तोच आर्यक पुढं राजा होतो.

लिंगाची एक चूक, आणि आम्ही दक्षिणेकडचे आहोत हे कारण. या नाटकात एका माणसाचा जीव त्यावर तरतो. कित्येक शतकांपूर्वीच्या एका नाटककारानं सीमेवरच्या माणसाच्या बोलण्यातली अडचण ऐकली, तिला विनोदात घेतली आणि शहाणपण त्या माणसाच्या पदरात टाकलं. मी मात्र चौथीच्या वर्गात नुसता हसलो.

हे नाटक बहुभाषिक आहे. संस्कृतबरोबर प्राकृताच्या अनेक बोली त्यात आहेत. शकार 'स'च्या जागी 'श' बोलतो, म्हणून तो शकार. तो रामायण-महाभारताची खिचडी करतो. त्याची द्रौपदी रामाला घाबरून पळते आणि कुंती रावणाच्या तावडीत सापडते. या चुका पकडायला मुलांना आवडतात, आणि पकडण्यासाठी आधी दोन्ही गोष्टी नीट माहीत असाव्या लागतात. वाचायला लावण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

पण हेही मुलांपासून लपवू नये की त्या रंगमंचावर भाषा म्हणजे पायरी होती. संस्कृत मुख्यतः वरच्या पुरुषांना, प्राकृत बायकांना, नोकरांना, मुलांना. रोहसेन प्राकृतात रडतो. आमच्या शाळेतही पायरी आहे. प्रमाण मराठी ही आमची संस्कृत आहे, आणि पोराचं घर प्राकृतात मोडतं. म्हणून आमच्या आराखड्यात पहिल्या दिवशी फळ्यावर नाटकाचं नाव चार प्रकारे लिहायचं, सगळं देवनागरीत: मातीची गाडी, मण्णिन बंडी, मट्टी बंडी, मिट्टी की गाडी. पात्रं वाटताना मुलानं कोणत्या भाषेत बोलायचं हे त्यानं ठरवायचं. चंदनकाची भूमिका ज्याच्या घरी कन्नड आहे त्यालाच द्यायची, आणि त्या दिवशी वर्ग हसला तर तो चंदनकाच्या हुशारीला हसेल.

अशक्य वाटत असेल तर हबीब तनवीर आठवा. १९५८ साली दिल्लीत त्यांनी हेच नाटक 'मिट्टी की गाड़ी' म्हणून केलं, छत्तीसगडच्या गावांतले लोककलावंत घेऊन. आपल्याकडे देवलांनी ते संगीत नाटक करून मराठीत आणलं. १९८४ साली गिरीश कार्नाडांनी त्यावरून 'उत्सव' सिनेमा केला, तो तुमच्यापैकी काहींनी रेखासाठी बघितला असेल. हे नाटक प्रत्येक वेळी दुसऱ्या भाषेत गेलं तेव्हा जगलं. ते कन्नड-मराठीच्या सीमेवर चौथीच्या वर्गात येण्यात बिघडण्यासारखं काही नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप: गणिकेचं नाटक चौथीला? हा मला तोंडावर विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांच्या गावात पारायणात द्रौपदीचं वस्त्रहरण होतं, मालिकेत कीचक येतो, आणि पहिल्या रांगेत मांडी घालून ही चौथीचीच पोरं बसलेली असतात. वसंतसेना ही गाण्यानाचण्यावर कमावणारी, स्वतःच्या घराची मालकीण असलेली बाई आहे, एवढं नवव्या वर्षी पुरतं. शकार मागे लागतो तेव्हा ती सांगते की प्रेम गुणांवर बसतं, जबरदस्तीनं मिळत नाही. हे वाक्य प्राथमिक शाळेत ऐकायला मिळालं तर बिघडेल कोण?

दुसरा आक्षेप: आधी वाचता येऊ दे, मग नाटक. निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता यावं, साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या वर्गात न वाचणारी मुलं आहेत आणि मला त्यांची झोप उडवणारी काळजी आहे. पण उतारा वाचून झाल्यावर मुलाला पुढं काय झालं हे विचारावंसं वाटत नसेल, तर तो दुसरा उतारा कशासाठी वाचेल? चिठ्ठीवर आपल्या पात्राची तीन वाक्यं आहेत आणि उद्या ती सगळ्यांसमोर म्हणायची आहेत, तेव्हा न वाचणारं मूल शेजाऱ्याकडून, बहिणीकडून, कुणाकडूनही ती वाचून घेतं. वाचनाच्या ओढीचा साठा करून ठेवता येत नाही. आधी कौशल्य, मग आनंद, हा क्रम फक्त गरिबांच्या शाळेत लावतात.

कारण शहरात तसं कधीच नव्हतं. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत लिटल थिएटर काढलं. रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी नाटकामागून नाटक लिहिलं. पुण्यात १९८६ पासून ग्रिप्सची नाटकं होत आली. हे सगळं मोलाचं काम आहे, पण त्याची तिकिटं शहरात मिळतात. आमच्या वाट्याला स्नेहसंमेलन आलं. स्पीकरवर सिनेमाचं गाणं, भाड्याचे कपडे, पोरांचे ओठ दुसऱ्याच्या आवाजावर हलणार, आणि पुढच्या रांगेत हार घातलेले पाहुणे. वर्षातून एकदा आमची मुलं मंचावर चढतात तेव्हा त्यांना बोलायचं नसतं.

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या मित्रांचा आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. संस्कृत नाटक कशाला? नायक ब्राह्मण, शेवटी त्याचंच भलं. त्यापेक्षा जोतिरावांचं 'तृतीय रत्न' घ्या. १८५५ साली लिहिलेलं, भटजीनं फसवलेलं कुणबी जोडपं शेवटी शाळेत जायचं ठरवतं, दक्षिणा प्राइज कमिटीनं नाकारलेलं. तेही घ्या, माझी काही हरकत नाही. पाचवीला घ्या. मराठीतलं पहिल्या काही आधुनिक नाटकांपैकी एक शाळेविषयी आहे हे आपल्या शाळांना माहीतही नसावं, ही लाजेची गोष्ट आहे. पण 'मृच्छकटिक' सोडून देऊ नका. जुनं, मोठं नाटक ही वरच्यांची मालमत्ता आहे असं आपणच म्हणत बसलो तर ती त्यांचीच राहील. आमच्या पोरांना ते वाचून त्याच्याशी भांडण्याचा हक्क हवा.

आणि भांडायला त्यात जागा आहे. दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेणारे दोघे चांडाळ आहेत. रस्त्यात ते सांगतात की आम्ही चांडाळाच्या कुळात जन्मलो म्हणून चांडाळ नाही, जो सज्जनाला छळतो तो चांडाळ. त्यातला एक तलवार उगारतो आणि ती त्याच्या हातून निसटते. तेव्हा तो सह्यवासिनी देवीला साकडं घालतो, याला वाचव म्हणून. सह्याद्रीची देवी, आपल्याकडची. ते वेळ काढतात, आणि त्या वेळात वसंतसेना पोचते.

मग नवा राजा बक्षिसं वाटतो. स्थावरक गुलामीतून मोकळा होतो. चंदनकाला मोठं पद मिळतं. भिक्षू सगळ्या विहारांचा प्रमुख होतो. शकारालासुद्धा माफी मिळते. आणि दोघा चांडाळांना काय मिळतं? त्यांना सगळ्या चांडाळांचं प्रमुख केलं जातं.

मी गेल्या वर्षी हा आराखडा पूर्ण करू शकलो नाही. परीक्षा आल्या, माहिती भरायची कामं आली, सहा आठवड्यांचे साडेतीन झाले. पण दहा अंक सांगून झाले. शेवटच्या दिवशी बक्षिसांची यादी फळ्यावर लिहिली आणि विचारलं, बरोबर झालं का? बहुतेक मुलांना शकाराची माफी खटकली. मग मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, पण ते चांडाळच राहिले की." भिंत पडलेला तोच मुलगा.

मला उत्तर देता आलं नाही, आणि द्यायची गरजही नव्हती. वळसंगला एक विहीर आहे. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना पाणी भरू दिलं जात नव्हतं त्यांची ती विहीर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं आले होते आणि त्यांनी त्या विहिरीचं पाणी शेंदलं होतं, ही आठवण गाव आजही सांगतं. आमच्या आराखड्यातला शेवटचा दिवस त्या विहिरीचा आहे. फळ्यावरची बक्षिसांची यादी वहीत उतरवून घ्यायची, विहिरीच्या कडेला बसायचं आणि प्रत्येकानं ती यादी स्वतःच्या भाषेत नव्यानं लिहायची. सव्विसाव्या ओळीपर्यंत लिहिणारी मुलं असतील, दोन शब्दांवर थांबणारीही असतील. दोन्ही चालतील.

यंदा क्षेत्रभेटीच्या परवानगीचा अर्ज मी जूनमध्येच देणार आहे. विषयाच्या रकान्यात काय लिहायचं, हे अजून ठरलेलं नाही. भाषा लिहू, की परिसर अभ्यास, की नागरिकशास्त्र? त्या रकान्यात एकच विषय लिहायला जागा आहे.